मामा, बुडातला पाला पेटवू नका

"सगळे कोळी झाडाचे शत्रू. पानावर, पालापाचोळ्यात कोळी दिसला की पायरेथ्रॉइड मारा आणि बुडातला पाला पेटवा. हेच कोळी चावून माणसाला ताप आणतात." हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. परवा जालना जिल्ह्यातल्या अंबडकडच्या माझ्या मामांनी तो मला पाठवला, सोबत त्यांच्या मोसंबीतल्या दोन ओळींचा फोटो. पाला जळून राख झालेला, खोडाच्या सालीलाही झळ लागलेली. म्हणून हे लिहायला बसले.

इथे कोळी म्हणजे घरात दिसणारा मोठा कोळी नव्हे, तर जेमतेम डोळ्याला दिसणारा बारीक जीव, इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो. सगळे कोळी शत्रू नाहीत. पानाचा रस शोषणारा लाल कोळी आहे, तसा त्याचीच अंडी-पिल्लं शोषून रिकामी करणारा परभक्षी कोळीही त्याच पानावर राहतो. रंगावरून ठरवू नका, पोट भरलेला परभक्षीही तांबूस दिसतो. फांदी पांढऱ्या कागदावर झटका आणि दहापटीचं भिंग धरा. जाळीजवळ रेंगाळणारा तो लाल कोळी. थेंबाच्या आकाराचा, चकचकीत, कागदभर पळत सुटणारा बहुधा परभक्षी.

आता त्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाच्या फवारणीचं. मला सर्वात जास्त राग याच सल्ल्याचा आहे, कारण तो शेतकऱ्याच्या पैशानं कीड वाढवतो. गेर्सन आणि कोहेन या इस्रायली संशोधकांनी १९८९ साली नेमका याच विषयाचा आढावा घेतला: पायरेथ्रॉइडच्या फवारणीनंतर लाल कोळी का उफाळतो. परभक्षी या औषधानं मरतात. लाल कोळी मात्र बऱ्याचदा तगतो, फवारलेल्या पानावरून हलून आजूबाजूला पसरतो. तिशीच्या तापमानात त्याची पिढी आठवडाभरात पूर्ण होते. जालन्याचा उन्हाळा तर चाळिशीच्या वर जातो. खाणारा मेला आणि खाल्ला जाणारा वाचला, मग पंधरा दिवसांनी पानं पांढुरकी पडतात आणि माणूस दुकानात जाऊन दुसरी बाटली आणतो. "कामून वाढला गं, औषध तर मारलं?" मामा, औषध मारलं म्हणूनच वाढला. रस्त्याकडेच्या ओळीत तो जास्त असतो, कारण धूळही त्याला मानवते.

पाला जाळण्याचंही तसंच. त्यातले बरेच कोळी कुजकं खाऊन पाल्याचं खत करतात. काही परभक्षी असतात आणि जमिनीत उतरलेल्या फुलकिड्यांच्या कोषांवर जगतात. शिवाय पाल्यानं ओल टिकते. आपल्याकडे पाण्याची काय गत आहे ते सांगायला नको.

तापाचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करते. स्क्रब टायफस हा आजार कोळ्यांच्याच एका कुळातल्या सहा पायांच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो. विदर्भात २०१८ साली त्याची साथ आली होती. पण ही पिल्लं उंदरांच्या वावराच्या झुडपी, गवताळ जागी असतात. मोसंबीवरचा लाल कोळी किंवा त्याचा परभक्षी हा आजार पसरवत नाही. गवतात जाताना अंगभर कपडे घाला. ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली तर लगेच दवाखान्यात जा, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकनं बरा होणारा आजार आहे.

मामा, उरलेल्या ओळींना काडी लावू नका, आणि पंपही भरू नका. रविवारी भिंग घेऊन येते, एकेक फांदी झटकून बघू.