डॉक्टरांना न दाखवलेल्या बाटल्या

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत औषधांचे दोन डबे असतात. बीपी, साखर, थायरॉईडचा डबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेला जातो. दुसरा फळीवरच राहतो. त्यात कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, मुलाने परदेशातून पाठवलेली ओमेगाची बाटली, सियागंजातून आणलेलं अश्वगंधा चूर्ण आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेला गिलोयचा रस असतो. डॉक्टर विचारतात, "आणखी काही घेता का?" आणि उत्तर मिळतं, "नाही, काही नाही."

मी मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभं राहणारी फार्मासिस्ट आहे आणि हे उत्तर मला फार काळजीत टाकतं. माझं म्हणणं साधं आहे. दुसऱ्या डब्यातलं सगळं औषधच आहे. त्यातलं जे खरंच काम करतं ते शरीरात काहीतरी बदल घडवतं, आणि जे बदल घडवतं ते चुकीच्या माणसाला, चुकीच्या प्रमाणात, चुकीच्या वेळी दिलं तर इजाही करतं. म्हणून ते तपासून घ्यावं, मोजून घ्यावं, ठरावीक काळच घ्यावं आणि डॉक्टरांना सांगूनच घ्यावं.

मी या गोळ्यांच्या विरोधात नाही. उलट बी-ट्वेल्व्हबद्दल माझी तक्रार अशी आहे की ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोचत नाही. आपल्याकडे कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत. हे जीवनसत्त्व तयार करतात जिवाणू, आणि आपल्याला ते मिळतं मांस, मासे, अंडी नाहीतर दुधातून. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतात, एका ग्लास दुधातून साधारण एक मिळतो. आता साठीच्या आजी बघा. दूध म्हणजे दिवसभरात दोन कप चहात पडेल तेवढंच. दहा वर्षांपासून साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू, त्याने बी-ट्वेल्व्हचं शोषण कमी होतं. जोडीला रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, तिनेही कमी होतं. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, त्यामुळे कमतरता हळूहळू येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तळपायाला मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, चालताना तोल जाणं, नावं विसरणं. घरचे म्हणतात, वय झालं. त्या आजींना खरं तर रक्ताची एक तपासणी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं किंवा गोळ्या हव्या असतात. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

इथे लोक स्वतःच्या मनाने दोन गोष्टी करतात. एक म्हणजे स्पिरुलिना, ती शेवाळासारखी हिरवी पूड. तिच्यात बी-ट्वेल्व्हसारखं दिसणारं जे द्रव्य असतं, त्यातलं बहुतेक माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही. शाकाहारी माणसाने त्यावर विसंबू नये. दुसरं म्हणजे रक्त वाढावं म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, घरात सगळे खूश होतात, आणि बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान आत चालूच राहतं. आणखी एक गोष्ट सांगते. मुंग्यांसाठी म्हणून बी-सिक्स असलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या महिनोन्महिने घेणारे लोक मी पाहते. बी-सिक्स जास्त प्रमाणात, जास्त काळ घेतलं तर त्याने स्वतःच मुंग्या येतात. मग पेशंट गोळ्या आणखी वाढवतो.

व्हिटॅमिन डी हा सध्या माझ्या सर्वांत मोठ्या काळजीचा विषय आहे. साठ हजार युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. चिठ्ठीवर घाईने लिहिलेलं 'आठवड्याला' घरी पोचेपर्यंत 'रोज' होतं. किंवा आठ आठवडे संपले तरी माणूस घेतच राहतो, कारण "बरं वाटतं, ताई." गणित करून बघा. मोठ्या माणसाची रोजची गरज सहाशे युनिट धरतात. साठ हजारांचं सॅशे रोज, आठ आठवडे, म्हणजे साडेतेहतीस लाखांहून जास्त युनिटं. पंधरा वर्षांची गरज दोन महिन्यांत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे वाहून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढतं. तहान लागते, उलट्या होतात, बद्धकोष्ठता होते, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शिवाय कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं, आणि कधी कुणी सहा लाखांचं इंजेक्शनही घेतलेलं असतं. प्रत्येक गोळी वेगळ्या डॉक्टरची, वेगळ्या कंपनीची. बेरीज कुणीच केलेली नसते. ती बेरीज करायची मला नेहमी मुभा द्या. चिठ्ठी आणि घरातल्या सगळ्या बाटल्या एकत्र आणा, दहा मिनिटं लागतात.

आणि ज्यांची पातळी मुळात ठीक आहे त्यांना जास्तीच्या डीचा फायदा तरी होतो का? अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या व्हायटल नावाच्या मोठ्या चाचणीत रोज दोन हजार युनिट डी देऊन बघितलं. कॅन्सर, हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यांचं प्रमाण कमी झालं नाही. कमतरता असेल तर डी हाडांना हवंच. मात्र ते सगळ्यावरचा इलाज नाही.

लोहाचं सांगायचं तर सकाळच्या पोह्यांपासून सुरुवात करते. पोह्यांवर लिंबू पिळतो ते फार चांगलं करतो, कारण क जीवनसत्त्वामुळे शाकाहारी जेवणातलं लोह शोषलं जातं. मग लगेच कडक चहा घेतो आणि त्यातल्या टॅनिनमुळे ते शोषण निम्म्याहून खाली येतं. चहा तासाभराने घ्या. लोहाची गोळी चहासोबत तर कधीच नको. कॅल्शियम आणि लोह एका घोटात घेऊ नका, दोन्हींत अंतर ठेवा. आणि थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली की कॅल्शियम, लोह किमान चार तासांनी. आमच्याकडे कितीतरी बायकांचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, वर्षभर जागचा हलत नाही, डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि कारण एवढंच असतं की तिन्ही गोळ्या एकत्र गिळल्या जातात.

गरोदर बायकांना सरकारी योजनेत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळते, ती टाकून देऊ नका. शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं कारण नाही. फॉलिक ॲसिडचं काम तर त्याच्याही आधी सुरू होतं. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून रोज चारशे मायक्रोग्रॅम गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचं. १९९१ साली ब्रिटिश संशोधकांनी ज्यांच्या आधीच्या बाळाची ही नळी नीट बंद झाली नव्हती अशा आयांना जास्त मात्रा देऊन बघितली, आणि पुन्हा तसं होण्याचा धोका बहात्तर टक्क्यांनी कमी झाला. लग्न ठरलेल्या भाचीला दागिन्यांबरोबर ही माहितीही द्या.

या गोळीची कथा आपल्या मुंबईतून सुरू होते हे मला फार मोलाचं वाटतं. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियावर संशोधन करू लागल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातला उपयोगी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. पुढे तेच फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार करण्याच्या कामात आपले भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. गिरणीतल्या बायकांच्या कष्टांतून आलेलं हे ज्ञान आज गोळीच्या रूपात फुकट मिळतं.

मीठही याच यादीत घाला. आजच्या हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचं, म्हणजे आयोडिन कमी पडल्याने गळ्याला येणाऱ्या सुजेचं, प्रमाण खूप होतं. डॉक्टर-संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मिठात आयोडिन घालून बघितलं आणि गलगंड कमी झाला. त्यातूनच १९६२ मध्ये देशाचा गलगंड कार्यक्रम उभा राहिला. आज आपल्याच शहरात शिकलेली घरं आयोडिनयुक्त मीठ बाजूला ठेवून सैंधव आणि गुलाबी मिठाकडे वळतायत, ते 'नैसर्गिक' म्हणून. त्यात वेगळं आयोडिन घातलेलं नसतं. घरात गरोदर सून किंवा लहान मूल असेल तर हा बदल करू नका, कळकळीने सांगते.

आता जडीबुटी. हे लिहिताना मला माहीत आहे की कुणाला तरी वाटेल, मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलते आहे. मी तसं करत नाही. वैद्य औषध देताना प्रकृती विचारतात, पचन विचारतात, मात्रा आणि अनुपान ठरवतात, कधी थांबवायचं तेही सांगतात. ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल यातलं काहीच विचारत नाही. मोबाईलवर पाहून घेतलेल्या अर्काला आयुर्वेदाचं नाव देणं हा त्या वैद्यांवर अन्याय आहे.

अश्वगंधा तर आपल्या माळव्याचं पीक. नीमच-मंदसौर पट्टा देशभर त्यासाठी ओळखला जातो, मंदसौरला त्याचे सुधारित वाणही तयार झाले. थोड्या काळासाठी ताण आणि झोप यांवर त्याचा काहीसा उपयोग होतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण ते थायरॉईडचं संप्रेरक वाढवू शकतं, त्यामुळे थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने विचारल्याशिवाय घेऊ नये. काही लोकांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात नकोच. डेन्मार्कने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे पारंपरिक वापर मुळाचा आहे, आणि बाजारात पानांचा अर्क मिसळलेली कॅप्सूलही येते, म्हणून डबीवर 'मूळ' लिहिलं आहे का ते वाचा.

गिलोयचं कोविडच्या काळात काय झालं ते आठवत असेलच. घरोघरी काढा. मुंबईच्या डॉक्टरांनी गिलोय घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले, आणि पुढे इतर शहरांतूनही तशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वनस्पतीची नीट ओळख पटवली नाही असं म्हटलं. तो वाद माझ्या काउंटरवर मिटणार नाही. पण ज्याला आधीच स्वप्रतिकारशक्तीचा, म्हणजे ऑटोइम्यून आजार आहे, त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारी कुठलीही गोष्ट डॉक्टरांना न विचारता घेणं मला धोक्याचं वाटतं.

जेष्ठमध घशाला बरं, पण रोज बरेच आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. बीपीच्या पेशंटला गोळी लागू पडत नसेल तर घरात जेष्ठमधाची डबी आहे का ते बघा. मेथी, कारल्याचा रस साखरेच्या गोळ्यांबरोबर घेतला की साखर फार खाली जाऊ शकते. हळदीबद्दल मला सगळ्यांत जास्त प्रश्न येतात. भाजीतल्या हळदीने कुणाला काही होत नाही. हळदीत कर्क्युमिन हे तिचं काम करणारं द्रव्य जेमतेम तीन टक्के असतं. कॅप्सूलमध्ये ते एकवटलेलं असतं आणि शोषण वाढावं म्हणून मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत त्या या कॅप्सूलच्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कॅप्सूल, लसणाचा अर्क, जिन्कगो नावाच्या झाडाचा अर्क, यातलं काहीही परस्पर सुरू करू नका. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर साधारण दोन आठवडे आधी हे सगळं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली, तर चूर्ण आणि कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून लिव्हरची तपासणी करा. सणवार होऊ द्या मग बघू, असं करू नका.

"व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर काय होतं" असं म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडचं उदाहरण देते. तिथे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना कॅन्सर टळावा म्हणून बीटा-कॅरोटीन दिलं. गाजरातलं निरुपद्रवी वाटणारं द्रव्य. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर अठरा टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खात राहा. धूम्रपान करणाऱ्याने ती गोळी घेऊ नये.

आपल्या मंडळांची गणेशोत्सवात आरोग्य शिबिरं होतात, बीपी आणि साखर मोजतात. त्यात एक टेबल वाढवा, जिथे लोक आपल्या सगळ्या बाटल्या घेऊन येतील आणि कुणीतरी फार्मासिस्ट त्या एकत्र वाचून कुठे काय दुप्पट होतंय ते लिहून देईल. मी बसायला तयार आहे, माझ्या ओळखीचे आणखी काहीजण बसतील. कमेंटमध्ये मंडळाचं नाव लिहा.

आणि पुण्यात, बंगळुरूत, परदेशात असलेल्या मुलामुलींना एक विनंती. आईबाबांच्या काळजीपोटी बाटल्या पाठवता हे मला दिसतं. त्याआधी त्यांच्या हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी, कॅल्शियम, क्रिएटिनिनच्या रिपोर्टचे फोटो मागवा. कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी फोनवर लिहून घ्या आणि ती त्यांच्या डॉक्टरांना पाठवा. केसांसाठी बायोटिन पाठवलं असेल तर थायरॉईडच्या किंवा हृदयाच्या तपासणीआधी ते लॅबला आणि डॉक्टरांना सांगायला लावा, कारण त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात आणि आजार नसताना दिसतो, किंवा असताना लपतो.