ब्रूनोच्या म्युनिक प्रवासाबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या कुत्र्याला, ब्रूनोला, भारतातून म्युनिकला पोचवण्याच्या आमच्या कामाबद्दल तुम्ही दिलेला एक स्टारचा अभिप्राय वाचला. ब्रूनोशिवाय तुम्हाला अडीच महिने म्युनिकमध्ये काढावे लागले, मिस्टरांचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. घरातलं माणूस मागे ठेवून जाण्यासारखंच असतं ते, हे आम्हाला कळतं.

पण तुम्ही लिहिलंय, ‘दीड महिन्यात पोचवतो म्हणाले आणि साडेचार महिने लावले. जितका उशीर तितके यांचे पैसे.’ हे वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं. हे वाचून उद्या कुणी आमच्याकडे कुत्रा सोपवायला कचरेल, म्हणून सगळा हिशेब इथेच मांडतो.

3 फेब्रुवारी 2025 ला तुमचा पहिला फोन आला. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, ‘रेबीज टायटरचा (लसीमुळे रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का, हे पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट तयार असेल आणि थांबायची मुदत संपत आली असेल, तर बाकीच्या कामाला दीड महिना पुरतो.’ त्याच संध्याकाळी लसीकरणाच्या पुस्तिकेच्या सगळ्या पानांचे फोटो मागितले होते. आलं फक्त पहिलं पान. चिपचं (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) स्टिकर आणि लसीच्या नोंदी असलेली पानं 7 फेब्रुवारीला आली आणि खरी अडचण तेव्हा दिसली. ब्रूनोची रेबीजची लस नोव्हेंबर 2024 मधली होती आणि चिप 9 जानेवारी 2025 ची.

लस आधी आणि चिप नंतर असेल, तर युरोपीय संघाच्या लेखी ती लस दिलेलीच नाही. तुम्ही दरवर्षी न चुकता लस दिली होती, पुस्तिका स्वच्छ होती, आणि भारतात राहायला तेवढं पुरेसं होतं. ज्या डॉक्टरांनी चिप बसवली त्यांचाही यात दोष नाही, महापालिकेच्या परवान्यासाठी हा क्रम कुणी विचारत नाही. पण तिकडचा नियम असा, की लस ज्या कुत्र्याला दिली तो हाच, हे 15 अंकी चिपवरूनच सिद्ध व्हायला हवं. म्हणून चिप आधी किंवा त्याच दिवशी. चिपही आयएसओ 11784 आणि 11785 या मानकांची लागते. ब्रूनोची तशी होती, म्हणून निदान ती बदलावी लागली नाही.

मग सगळं पहिल्यापासून. 10 फेब्रुवारीला आधी चिप स्कॅन केली, नंबर पुस्तिकेशी ताडून पाहिला आणि मगच लस दिली. लसीनंतर रक्त घ्यायला किमान 30 दिवस जावे लागतात. तो दिवस 12 मार्चला आला आणि आम्ही 12 मार्चलाच रक्त घेतलं. 13 ला होळी, 14 ला धुळवड. तो बुधवार हुकला असता तर पुढचा आठवडा उजाडला असता. रक्त यंत्रात फिरवून सीरम, म्हणजे त्यातला पातळ भाग, वेगळं केलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवलं. सीरम लालसर झालं किंवा वाटेत तापलं, तर नमुना तपासणीलाच घेत नाहीत आणि रक्त पुन्हा काढावं लागतं. फॉर्मवर चिपचा एक आकडा चुकला तरी रिपोर्ट वाया जातो, म्हणून तो फॉर्म आमच्याकडे दोघं जण वाचतात. निकाल किमान 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर लागतो. ब्रूनोचा 2.1 आला.

रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही विचारलंत, ‘आता तर झालं ना सगळं?’ नाही, तिथून पुढेही थांबावं लागतं. भारत युरोपीय संघाच्या रेबीजविषयक मान्य देशांच्या यादीत नाही. त्यामुळे रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने गेल्याशिवाय कुत्र्याला प्रवेश मिळत नाही. रिपोर्ट लवकर आला म्हणून हे तीन महिने कमी होत नाहीत. लस देण्याआधीच कुत्र्याला लागण झाली असेल, तर तेवढ्या काळात लक्षणं दिसून यावीत, हा त्यामागचा हेतू. 12 मार्च अधिक तीन महिने म्हणजे 12 जून. यात आम्ही एक दिवसही वाढवलेला नाही आणि एक दिवसही कमी करणं आमच्या हातात नव्हतं.

12 जूनला गुरुवार होता. ॲनिमल क्वारंटाइनच्या (परदेशी जाणारे-येणारे प्राणी तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) मुंबई कार्यालयातली तपासणी आणि आरोग्य प्रमाणपत्रावरची सही 13 तारखेला झाली. हे प्रमाणपत्र सहीच्या तारखेपासून 10 दिवसांच्या आत युरोपात पोचेपर्यंतच चालतं, म्हणून ते आधीच काढून ठेवण्यात अर्थ नसतो. मग शनिवार-रविवार गेले आणि 16 जूनच्या रात्री मुंबईहून थेट विमान. उशीर म्हणायचाच तर हे चार दिवस म्हणा, साडेचार महिने नव्हे.

‘पैशासाठी लांबवलं’ याबद्दल एवढंच सांगतो, की आमची सेवा फी एकरकमी असते आणि ती पहिल्या दिवशीच्या दरपत्रकात वेगळ्या ओळीत लिहिलेली आहे. फाइल चार महिने उघडी राहिली म्हणून आम्हाला एक रुपयाही जास्त मिळाला नाही. उलट काम वाढलं.

आणि एक गोष्ट लिहायची नव्हती, पण तुम्ही ‘दुसरे एजंट महिन्यात करून देतात’ असं जाहीरपणे लिहिलंत, म्हणून लिहितो. फेब्रुवारीत ‘चिपची तारीख थोडी मागे घेता येणार नाही का’ असं तुम्ही विचारलं होतं. काळजीपोटी विचारलंत, हे आम्हाला कळत होतं. आम्ही नाही म्हणालो आणि कारणही सांगितलं. म्युनिकला उतरल्यावर चिप स्कॅन होते आणि कागदावरची प्रत्येक तारीख पाहिली जाते. कागद नियमात बसले नाहीत, तर कुत्र्याला आल्या देशी परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवतात. यातलं काहीच शक्य नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून त्याला मारून टाकण्याची तरतूदही युरोपीय संघाच्या तेव्हा लागू असलेल्या 2013 च्या 576 क्रमांकाच्या नियमावलीत होती. महिन्यात करून देणारे हे सांगत नाहीत. आम्ही तेव्हा दुसरं काही केलं असतं तर आज पाच स्टार मिळालेही असते, पण आमच्याकडून ते होणार नाही.

मिस्टरांचं तिकीट आम्ही ‘विनाकारण’ बदलायला लावलं, असंही तुम्ही लिहिलंय. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांच्या पाच दिवसांच्या आत झाला, तरच तो घरगुती पाळीव प्राण्याचा प्रवास धरतात. तुम्ही 1 एप्रिलला रुजू झालात. तुमच्या नावावर ब्रूनोला जूनमध्ये पाठवला असता, तर तो व्यापारी आयातीच्या नियमांत गेला असता. त्याचं प्रमाणपत्र वेगळं, तपासणीची पद्धत वेगळी, खर्चही वेगळा. म्हणून मालक म्हणून मिस्टरांचं नाव घातलं आणि दोघांना एकाच विमानाने पाठवलं. हा तुमचा खर्च वाचवणारा मार्ग होता.

आता 147 किलोचं भाडं. ब्रूनोचं वजन 32 किलो, हे बरोबर. पण विमान कंपनी पिंजऱ्याने अडवलेल्या जागेचे पैसे घेते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचं. 122 गुणिले 81 गुणिले 89 भागिले 6000, उत्तर 146.6. कुणीही मोबाइलवर करून पाहावं.

तुम्ही ऑनलाइन घेतलेला पिंजरा 102 सेंटिमीटर लांबीचा होता. त्याचं भाडं कमी लागलं असतं हे खरं, पण ब्रूनो त्यात बसत नव्हता. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत तो 94 भरला, जमिनीपासून कोपरापर्यंत पाय 34. आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाप्रमाणे पहिल्या मापात दुसऱ्याचं निम्मं मिळवायचं, म्हणजे आतली लांबी किमान 111 हवी. रुंदी खांद्याच्या दुप्पट, आणि उंची उभ्या कुत्र्याचं डोकं किंवा कान यांत जे वर असेल तिथपर्यंत, शिवाय खालच्या अंथरुणाची जाडी. त्याला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. शिवाय त्या पिंजऱ्याचे दोन भाग प्लॅस्टिकच्या खटक्यांनी जोडलेले होते. कार्गोवाले धातूचे नट-बोल्ट लावलेलाच पिंजरा घेतात. तो तिथे परत पाठवला गेला असता तर त्या रात्रीचं विमान गेलंच असतं आणि प्रमाणपत्राचे 10 दिवसही संपत आले असते.

झोपेच्या औषधाला आम्ही नकार दिला, त्यावरून तुम्ही आम्हाला निर्दयी म्हणालात. मॅडम, गुंगीच्या औषधाने कुत्र्याचा रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि पिंजरा हलला की तोल सावरता येत नाही. विमानाच्या पोटात असताना त्याला बघायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा विमान कंपन्याही घेत नाहीत. म्हणूनच पिंजरा तीन आठवडे आधी घरी पोचवला होता. दार काढून ठेवा, जेवण आतच द्या, रात्री झोपूही तिथेच द्या, हे तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या आईंनी ते अगदी मन लावून केलं, त्यांचे आभार मानायलाच हवेत. विमानतळावर रिकामा पिंजरा एक्स-रेतून जाताना ब्रूनो शांत उभा होता आणि नंतर आपणहून आत गेला. वाटीत गोठवलेलं पाणी ठेवलं होतं, ते सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. अंथरुणावर मिस्टरांचा न धुतलेला टी-शर्ट घातला होता.

उतरल्यावर आमचा फोन आला नाही, ही तुमची तक्रार रास्त वाटते. मिस्टरांशी बोलणं झालं होतं, पण तुमच्याशीही बोलायला हवं होतं. तेव्हा सांगायचं होतं ते आता लिहितो. म्युनिक शहरात कुत्र्याचा कर वर्षाला 100 युरो आहे, नोंदणी लगेच करा. कुत्र्याच्या दायित्वाचा विमाही उतरवा. तिथल्या नागरी कायद्याच्या कलम 833 प्रमाणे कुत्र्याने केलेल्या नुकसानीची भरपाई पाळणाऱ्यालाच द्यावी लागते, आणि सायकलवाला पडला तर ती रक्कम लहान नसते. एखाद्या स्थानिक पशुवैद्याकडून युरोपीय पासपोर्ट करून घ्या. गवतात फिरून आल्यावर कानामागे, काखेत आणि बोटांमध्ये गोचिडी तपासा. तिथल्या गोचिडीतून बोरेलिओसिस (लाइम) हा आजार होतो आणि आपल्याकडे चालणारं औषध तिथे पुरेल असं धरून चालू नका. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवा, नाहीतर तो चाटत बसेल.

आमच्या बाजूने, फोनवर सांगितलेल्या मुदती लगेच लेखी पाठवण्याची पद्धत आम्ही अधिक नीट करत आहोत. पोचल्यानंतरच्या संपर्काकडेही जास्त लक्ष देऊ. अभिप्राय बदलायचा की नाही हे तुम्ही ठरवा. 3 फेब्रुवारीपासूनचे सगळे मेसेज तुमच्याकडेही आहेत, ते एकदा बघा एवढीच विनंती.

ब्रूनोच्या रेबीज लसीची मुदत 9 फेब्रुवारी 2026 पर्यंत आहे. बूस्टर, म्हणजे पुढचा डोस, त्याच्या आत द्या, एक दिवसही उलटू देऊ नका. मुदतीत लस होत राहिली तर हाच टायटर रिपोर्ट पुढेही चालतो. खंड पडला, तर त्याला भारतात आणून परत नेताना लस, 30 दिवस, रक्त आणि तीन महिने हे सगळं पुन्हा करावं लागेल. सुट्टीत आणायचं ठरलं, तर म्युनिकहून निघण्याआधीच तिथल्या डॉक्टरांशी टायटरच्या नोंदीबद्दल बोलून ती पासपोर्टमध्ये करून घ्या. काही अडलं तर फोन करा, त्याचे पैसे लागणार नाहीत.

आपला,
संचालक, पुणे कार्यालय