बार्सिलोना क्लब गाम्पर यांनी एकहाती उभारला काय?

हान्स गाम्पर या स्विस तरुणाने जाहिरात देऊन बार्सिलोना फुटबॉल क्लब एकहाती उभारला, स्वित्झर्लंडमधील बाझल क्लबचे लाल-निळे रंग त्याला दिले आणि पहिल्याच दिवसापासून तो कॅटलन (म्हणजे बार्सिलोना ज्यात येते त्या स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताच्या) अस्मितेचे प्रतीक केला, असा दावा समाजमाध्यमांवर सतत फिरतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

२२ ऑक्टोबर १८९९ रोजी 'लोस देपोर्तेस' या क्रीडापत्रात आलेल्या त्या निवेदनात क्लब काढण्याविषयी काहीच नव्हते. गाम्पर यांना काही सामने भरवायचे असून, हौशी मंडळींनी त्यांना मंगळवारी व शुक्रवारी रात्री ९ ते ११ या वेळेत त्या पत्राच्या कचेरीत भेटावे, एवढेच त्यात होते. त्यांचे नावही तेथे 'कान्स काम्पर' असे चुकीचे छापले गेले. क्लबची स्थापना २९ नोव्हेंबरला सोले व्यायामशाळेतील बैठकीत झाली. तिला स्विस, इंग्रज, जर्मन आणि कॅटलन असे सगळेच होते, अध्यक्षपद वॉल्टर वाइल्ड यांच्याकडे गेले आणि नुकतीच बाविशी गाठलेले गाम्पर कर्णधार झाले.

याने गाम्पर यांचे श्रेय कमी होत नाही. ते भलत्या वर्षाला चिकटवले जाते, इतकेच. १९०८ साली क्लबचे अवघे ३८ सभासद उरले होते आणि तो बंद पडण्याच्या बेतात होता, तेव्हा गाम्पर यांनी प्रथमच अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढच्याच वर्षी क्लबला स्वतःचे मैदान मिळाले. पुढे १९२५ पर्यंत ते एकूण पाच वेळा अध्यक्ष झाले. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व येथे आहे, पण डबघाईला आलेली संस्था सावरण्याची गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही.

रंगांबाबत बाझलचा तर्क शक्य कोटीतला आहे, कारण गाम्पर तेथे खेळले होते; मात्र क्लबचे सुरुवातीचे खेळाडू असलेल्या विटी बंधूंच्या इंग्लंडमधील शाळेचे नावही तितक्याच हिरिरीने पुढे केले जाते, आणि निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही.

अस्मितेचा मुद्दा सर्वांत लंगडा आहे. व्यायामशाळेत जमलेल्या त्या बहुभाषिक मंडळींना फुटबॉल खेळायचा होता, चळवळ उभारायची नव्हती. क्लबला राजकीय रंग चढला तो पुढच्या दोन दशकांत, कॅटलन सभासदांची संख्या आणि स्वायत्ततेची मागणी दोन्ही वाढत गेली तेव्हा. गाम्पर यांनीही या बदलाला साथ दिली आणि 'झुआन' हे कॅटलन नाव धारण केले. १४ जून १९२५ रोजी प्रेक्षकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्या वाजवल्यावर स्पेनचे हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरा यांच्या राजवटीने क्लबवर सहा महिन्यांची बंदी घातली, आणि गाम्पर यांना अध्यक्षपद सोडावे लागले.