प्रत्याहार आणि दबका आवाज

रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा घरात एकमताने ठरलं, की दुखणं रक्ताचं नाही, रागाचं आहे. लेकीने परस्पर योगवर्गात नाव घातलं. आसनं बरी जमली. शवासनात तर मी घोरूनही दाखवलं. मग बाईंनी प्रत्याहार काढला.

पतंजलींच्या आठ अंगांतलं हे पाचवं. इंद्रियांना आपापल्या विषयांमागे धावू द्यायचं नाही, म्हणजे मन उठसूट भडकत नाही. घरी सरावाला षण्मुखी मुद्रा. अंगठ्यांनी कान बंद, तर्जनी डोळ्यांवर, मधली बोटं नाकपुड्यांवर हलकी टेकवायची, उरलेली ओठांपाशी. मोबाइल धरायला एकही बोट शिल्लक राहत नाही. ज्याने कुणी ही मुद्रा काढली, त्याला साष्टांग नमस्कार.

फक्त पुण्यात नदीपात्राजवळ राहणाऱ्याने ही साधना गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत संध्याकाळी करू नये. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडकीच्या काचाही ठेका धरतात. पण खरं सांगतो, ढोलाचा काडीचा त्रास झाला नाही. ढोल येतो, छातीवर आदळतो, निघून जातो. त्याला आपल्याशी काही बोलायचं नसतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत फोनवर बोलतात. आवाज असा, की मधल्या फोनची गरज काय, असं वाटावं. तेही निभावलं. मग पथक चहाला थांबलं आणि नेमका त्याच वेळी काकूंनी आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस हं, पण..."

माझे अंगठे आपोआप सैल पडले.

पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या टीकेत, म्हणजे व्यासभाष्यात म्हटलंय, मधमाश्यांचा राजा उडाला की साऱ्या माश्या उडतात, तो बसला की बसतात. तसंच चित्त आवरलं की इंद्रियं आवरतात. कानात बोळे कोंबून काही होत नाही, असं बाई का म्हणायच्या ते आता समजलं. आमचे राजे त्या घटकेला काकूंच्या कठड्यावर बसले होते, चांगले खाली वाकून.

स्वयंपाकघरातला मिक्सरही बंद पडला होता. चटणी अजून भरडच असणार. बायको पदराला हात पुसत दारात आली.

"काय म्हणाल्या हो?"

"नीट नाही ऐकू आलं. 'तिसऱ्या मजल्यावरचे' एवढंच कळलं."

"अहो, तिसऱ्यावर आपणच राहतो!"

"म्हणूनच म्हणतो, जरा गप्प बस."