गेट उघडा, बाकीचं नंतर बघू

आज सकाळी सलूनमध्ये बसलो होतो. गळ्याला कापड, तोंडाला फेस, म्हणजे बोलायची सोय नाही. बाजूच्या खुर्चीतला पोरगा, असेल पंचवीस-सव्वीसचा, फोनवर कुणाला तरी सांगत होता, "शाहू मिल रे. सत्तावीस एकर हाय. पाडून मॉल टाकला तर कोल्हापूरचं पुणं हुतंय बघ." लगेच पेपर वाचत बसलेले काका म्हणाले, "मॉल कशाला? शाहू महाराजांचा भला मोठा पुतळा उभारायचा, भोवतीनं लॉन, मधी कारंजं." दोघंही खूश. माझी दाढी अर्धी. शाहू मिल म्हणजे शाहू महाराजांनीच काढलेली आमची कोल्हापूरची कापड गिरणी, आता बंद पडलेली. घरी आल्यापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल. वेळ नसेल त्यांनी खाली सरकवा.

आमचे वडील, आण्णा, शाहू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. मी तिसरी-चौथीत असताना सुट्टीच्या दिवशी पहिल्या पाळीचा डबा मी न्यायचो. गेटच्या आत पोरांना सोडत नसत, नियमच होता तो. मग मी बाहेर उभा. आण्णा यायचे ते भुवयांवर, कानांवर, मिशीवर कापसाची तूस घेऊन. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरलो, वाटलं एका सकाळीत आण्णा म्हातारे झाले. ते हसले, टॉवेलनं तोंड पुसलं, भाकरीचा एक तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडात घातला. मी म्हणालो, "आण्णा, मला आत बघायचंय." ते म्हणाले, "आत काय बघतोस? मोठा झालास की येशील आपोआप."

मी मोठा झालो तोवर आत जायला काही उरलं नव्हतं. बदलीवाल्यांनाच, म्हणजे कायम नसलेल्या कामगारांनाच काम मिळेना, तर नव्या पोराला कोण घेणार? २००३ ला मिल बंदच झाली.

आता त्या मॉलवाल्या पोराला सांगतो. बाळा, गिरणीच्या जागी मॉल कसा होतो ते मुंबईत बघून झालंय. लोअर परळला फिनिक्स मिल होती. आता चिमणी आहे आणि खाली चपलेचा जोड दहा हजाराला. ज्यांच्या बापानं तिथं सूत काढलं त्यातले कितीजण आज तिथल्या दारात शिट्टी घेऊन उभे आहेत, जाऊन विचार. आणि तुझ्या मॉलमधला पैसा संध्याकाळी कुठल्या शहरात जाणार, हेही विचार. आपल्या राजारामपुरीतल्या दुकानांत जातोय का? महाद्वार रोडला जातोय का?

पण खरं सांगू? माझा जास्त राग पुतळेवाल्या काकांवर आहे. कारण ते आपल्यातलेच आहेत, महाराजांवर त्यांचं खरंच प्रेम आहे, आणि तरीही हे बोलतात. १९०६ साली महाराजांनी ही मिल काढली ती कशासाठी? १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली ती कशासाठी? गूळ विकायला. राधानगरीचं धरण कशासाठी? पाण्यासाठी. त्या माणसानं बांधलेल्या एकेका गोष्टीत कुणीतरी घाम गाळायला जात होतं, शिकायला जात होतं, कुस्ती खेळायला जात होतं. आणि आपण त्यांच्या मिलमध्ये काय करणार, तर लॉनवर पाय ठेवू नये अशी पाटी लावणार! महाराज असते तर काकांना त्यांनीच बाहेर काढलं असतं. (आमच्या काकांना वाईट वाटलं तर वाटू दे. ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच.)

स्मारकाला माझा विरोध नाही, आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तलवारी निघतील. स्मारक झालंच पाहिजे. पण स्मारकाच्या नावानं दहा वर्षं नुसत्या घोषणा, आराखडे, बैठका. तोवर भिंतीत पिंपळ.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे इंग्लंडला गेलो होतो. ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअर म्हणून गाव आहे, तिथं त्यानं एक गिरणी दाखवली. १८५३ ची, लोकरीची. १९८६ ला बंद पडली. दुसऱ्याच वर्षी तिथल्याच एका व्यापाऱ्यानं ती विकत घेतली आणि आत ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनीची चित्रं लावली. मग पुस्तकांचं दुकान आलं, खायची जागा आली, बाकीचे मजले कंपन्यांना भाड्यानं गेले. लोक रोज कामाला येतात. जमिनीवर तीच जुनी फरशी, यंत्रांच्या खुणा पडलेली. मी बिनधास्त आत शिरलो, गेटवर कुणी काही विचारलं नाही. आणि तिथं त्या चित्रांसमोर उभं राहून मला रडू आलं. भाच्याला वाटलं मामाला चित्रं आवडली. अरे, आयुष्यात पहिल्यांदा गिरणीच्या आत पाऊल टाकलं, ते सुद्धा सातासमुद्रापार. स्वतःच्या बापाची गिरणी घरापासून चालत वीस मिनिटांवर.

तिकडं पैसा आहे, मान्य. पुढं.

शाहू मिलमध्ये मी पहिल्यांदा आत गेलो तो २०२२ ला. महाराजांच्या स्मृतिशताब्दीला प्रदर्शनं भरली होती, जत्राच म्हणा. काय गर्दी! बायका-पोरं, गूळ, मिरची, कापड. मी गुळाची एक ढेप घेतली आणि ती काखेत मारून आण्णांचा साचा कुठं असेल ते शोधत फिरलो. नाही सापडला. पण गेटबाहेर बघितलं तर भज्यांच्या गाड्या लागल्या होत्या, लिंबू सरबत, फुगेवाला. तेव्हा मला एकदम मावशी आठवली.

मिलच्या गेटसमोर भजी तळायची ती मावशी. पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं कढई चढवायची, म्हणजे माणसं बाहेर पडली की पहिला घाणा गरम. उधारीची वही होती तिची, पगाराच्या दिवशी ती घेऊन स्टुलावर बसायची. मिल बंद पडली त्यानंतर काही महिन्यांनी तिनं गाडा विकला. पलीकडचा सायकलवाला गेला, खानावळ गेली. या माणसांची नोंद मिलच्या कुठल्याच मस्टरवर नव्हती. शहराची अर्थव्यवस्था अर्थव्यवस्था म्हणतात ती मला कुणी विचारली तर मी ती कढई दाखवीन.

म्हणून म्हणतो, आत रोज डबा घेऊन जाणारी माणसं पाहिजेत. इचलकरंजीत कापड विणतात, इथून पाऊण तासावर. ते कापड शिवायला इथं शेड द्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे ही चप्पल इथलीच अशी सरकारी ओळख मिळाली, २०२५ ला त्या इटलीच्या प्राडा फॅशन कंपनीवाल्यांनी मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल चालवली तेव्हा आपण सगळ्यांनी इथंच फेसबुकवर बोंब मारली. मारली ना? मग आपल्या कारागिरांना एक छप्पर द्या, लोकांनी समोर बसून चप्पल होताना बघावी आणि विकत घ्यावी. कारखान्यांचं उद्यमनगर शेजारी आहे, पोरांना कॉम्प्युटरवर डिझाईन शिकवा. महाराजांचं स्मारक मधोमध करा, त्यांना एवढी रहदारी बघून बरंच वाटेल. रविवारी रात्री ताराराणी चौकात पुण्याच्या ट्रॅव्हल्ससमोर बॅगा घेऊन उभी असतात ती आपलीच पोरं आहेत हो. सलूनमधला पोरगा पण त्यातलाच असणार. त्याला मॉल नको असेल कदाचित. इथं राहायला निमित्त पाहिजे असेल. आता लिहिता लिहिता त्याच्यावरचा राग गेला माझा.

पाडून बांधणं स्वस्त पडतं असं एक इंजिनियर मित्र म्हणतो. पडत असेल. भिंतींना ओल आहे, छपरं गेलीत, डागडुजी महाग आहे, सगळं खरं. पण आपली सवय मला माहिती आहे. केशवराव भोसले नाट्यगृह उभं होतं तोवर वायरिंग कसलंय हे किती जणांनी विचारलं? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते पेटलं आणि अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून रडलं. मीही रडलो. मिलच्या वेळीही आपण असंच रडणार, फोटो टाकणार, काळा डीपी ठेवणार.

असो. चहा गार झाला, बायको दोनदा हाक मारून गेली.

ज्यांच्या घरी मिलचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, एखादा जुना फोटो असेल त्यांनी कमेंटमध्ये टाका. आण्णांचा पितळी बिल्ला मी खाली टाकलाय. नंबर घासून गेलाय, शेवटचा ४ तेवढा वाचता येतो.