साडेतीन संकल्प

एक जानेवारीचा संकल्प संक्रांतीच्या आत गारद झाला म्हणून खंत करू नका. मुळात तो आपला नव्हताच. ऐन थंडीत पहाटे पाचला उठून पळायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्याकडे बहुधा हुरडा नसावा आणि गुळपोळीवर तूपही नसावं. आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं. झाडांना पालवी फुटते, कोकीळ पहाटे चारपासून ओरडायला लागतो आणि अकोल्या-चंद्रपूरकडे पारा चाळिशीला टेकतो. शरीराला नवी पालवी फुटायची तर ती याच मुहूर्तावर.

सुरुवात खरेदीने करा. बूट नसताना चालणं अशास्त्रीय आहे. पाडव्याच्या आठवडाभर आधी चांगले, टाचेला उसळी देणारे बूट घ्या. पावलं मोजणारं घड्याळही घ्या, कारण मोजलं नाही तर शरीराला कळणार कसं? बुटांचा खोका मात्र टाकू नका. तो पुढे लागतो.

पाडव्याच्या सकाळी देहशुद्धी. कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, जिरं, ओवा, हिंग, चिंच, मीठ असं सगळं वाटून आजी वाटाण्याएवढी गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. आता प्रमाण तेच, फक्त आत गूळ वाटाण्याएवढा आणि पान नावापुरतं. त्यावर गाठीचा एक तुकडा. पानं आणायला लांब जाऊ नका, सोसायटीच्या आवारात झाड असेलच. आमच्याकडे आहे. पाडव्याला त्याच्या फांद्या ओरबाडायला अख्खी इमारत येते आणि एप्रिलच्या सभेत ‘त्या झाडाचा पाला गाड्यांवर पडतो’ हा विषय पुन्हा निघतो.

एवढं कडू गिळलंत की वर्षभराची शुद्धी झाली. आता स्वयंपाकघरात या.

आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी वसंतातली ऋतुचर्या फार व्यवस्थित सांगून ठेवली आहे. थंडीत साचलेला कफ या दिवसांत उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून जड, थंड, स्निग्ध, आंबट आणि गोड टाळा आणि दुपारी झोपू नका. एकूण सहा गोष्टी. त्या ध्यानात राहाव्यात म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यांतल्या पाच एकाच वाटीत बसवल्या आणि त्या वाटीला श्रीखंड म्हटलं. सहावी जेवणानंतर आपोआप येते. इतकं सोपं पाठांतर दुसऱ्या कुठल्या शास्त्रात असेल असं मला वाटत नाही.

श्रीखंड विकतचं आणू नका, त्यात व्यायाम नाही. आदल्या रात्री दही पंच्यात बांधून नळाला टांगा. रात्रभर खालच्या पातेल्यात टप टप निवळ पडत राहते. काकडी-पुदिन्याचं पाणी काचेच्या बाटलीतून मिरवणाऱ्यांनी ती पिऊन पाहावी. सकाळी चक्का पुरणयंत्रातून फिरवायला घ्या, पण घड्याळ यंत्र फिरवणाऱ्या हातात बांधा. गेल्या पाडव्याला ओट्यापाशी उभ्या उभ्या माझी 1400 पावलं झाली आणि घड्याळाने ‘शाब्बास’ म्हणून मनगटावर थरथरून दाखवलं. जुन्या हिशोबाने चक्क्याएवढीच साखर. तब्येतीचा विचार करून आता किलोला पाऊण किलोच घालावी आणि वाचलेल्या साखरेच्या जोरावर एक वाटी जास्त घ्यावी. पुऱ्या मोजायच्या नसतात. घड्याळही मोजत नाही.

दुपारी तीन ते साडेपाच चिंतन करा. कुशीवर वळून केलेलं चालतं.

दुसऱ्या दिवशीपासून खरा व्यायाम. पुण्यात असाल तर पर्वती. 103 पायऱ्या आहेत, हा आकडा आयुष्यभर सांगता येतो. वर एकदा मोठ्याने श्वास सोडा, गुडघ्यांविषयी अनोळखी माणसाशी दहा मिनिटं बोला आणि खाली या. उतरल्यावर घाम वाळायच्या आत पोहे खावेत, शेव वरून मागून. चढण्यात काय गेलं आणि पोह्यांत काय आलं याचा ताळेबंद मांडत बसू नका. मार्चअखेर आहे, ऑफिसात तेच चाललंय.

सवयींचंही तसंच. रात्री दहानंतर मोबाइल बंद, असं ठरवा आणि हे ठरवल्याचं घरच्या ग्रुपवर कळवा. मग कोण काय म्हणालं ते बघायला साडेअकरापर्यंत जागावं लागतं, त्याला इलाज नाही.

समजा, आठवड्याभरात हे सारं बारगळलं. बिघडलं काय? आपल्याकडे मुहूर्त साडेतीन आहेत. महिनाभर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवांना आंब्याची डाळ आणि पन्हं घेत कळ काढा (घरातल्या पुरुषांसाठी डब्यातून येतं). की आलीच अक्षय्य तृतीया. त्या दिवशी नव्या दमाने सुरुवात करा. त्याच दिवशी पहिला आमरस असतो हा निव्वळ योगायोग. तिसरी संधी दसऱ्याला. तोवर पावसाने बुटांना बुरशी आली असेल, तर सोनं वाटायला चपला घालूनही चालत जाता येतं.

राहिला तो बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त. अर्ध्या मुहूर्ताला अर्धाच संकल्प करायचा: चकली चालेल, बेसनलाडू फक्त समोर आला तर. आणि आता तो बुटांचा खोका काढा. अमेरिकेतल्या भाचीला फराळ पाठवायला तो अगदी मापाचा असतो. चिवड्याची पिशवी आडवी बसते आणि टाचेच्या बाजूला सहा लाडू राहतात. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कुरिअरच्या दुकानात नेऊन द्या. चालतच जा, घड्याळ बांधून.