पितळ उघडं पडू नये म्हणून

दुकान तुमचं, तांब्या-पितळेचं, रविवार पेठेतलं, आजोबांच्या वेळचं. पुढे गल्ल्यावर तुम्ही, मागे कल्हईची भट्टी. आणि अमेरिकेहून दोन आठवड्यांसाठी आलेल्या पुतण्याने उंबऱ्यात पाय ठेवताच जाहीर केलंय, "काका, तुमचा ऑनलाइन प्रेझेन्सच नाहीये." गेली चाळीस वर्षं तुम्ही रोज सकाळी साडेदहाला कुलूप काढून त्याच स्टुलावर प्रेझेंट असता, हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. ब्लॉग सुरू करा. फक्त तो रीतसर बुडेल अशा बेताने करा, म्हणून हे चार शब्द. मी या कामातला जाणकार आहे. माझ्या मार्गदर्शनाखाली आजवर तीन दुकानांचे ब्लॉग बंद पडले. चौथं तर दुकानच बंद पडलं, पण त्याला रस्त्याचं खोदकाम कारणीभूत होतं, मी नाही.

आधी पत्ता. .भारत असा शेवट असलेला देवनागरी पत्ता 2014 पासून मिळतो, त्यात मराठीही चालते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. रोमन लिपीतच घ्या, मध्ये दोन आडव्या रेघा टाका, आणि 'भांडी'मध्ये ए किती आणि एच कुठे, हे गिऱ्हाइकाला शोधू द्या. ज्याला खरंच परात हवी आहे तो शोधतो. पत्त्याची नोंदणी पुतण्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर करा. हे विसरू नका, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता खरा प्रश्न, लिहायचं कोणी. तुम्ही नाही. का नाही, ते सांगतो.

परवा मी तुमच्याच काउंटरपाशी उभा होतो. कोथरूडच्या एक बाई आल्या, पिशवीतून सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं. "काका, यात कढी केली तर हिरवट झाली हो. सगळी टाकून द्यावी लागली."

तुम्ही पातेलं उजेडात धरलंत, आतून बोट फिरवलंत. "कल्हई गेलीय ताई. शेवटची कधी केली होती?"

"सासूबाई असताना."

"मग कढी बरोबर कळकली. आत पिवळं दिसतंय ना, ते उघडं पितळ. आंबट लागलं की ते अन्नात उतरतं. ठेवून जा, शनिवारी न्या. आणि नेल्यावर रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसू नका. कथील आहे ते, वितळून तळाला गोळा होईल."

संपलं. दीड मिनिट. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, हा आकडा तुम्ही सांगितला नाहीत, पण त्याचा अर्थ सांगितलात. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं आणि ते अन्नाच्या भांड्याला लावायचं नसतं, हे बाईंनी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतंत. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना तुम्ही काशाची वाटी नखाने वाजवून दाखवलीत: कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22, म्हणून ते घंटेसारखं घुमतं, आणि म्हणूनच हातातून पडलं तर तडकतं. पितळेत कथलाऐवजी जस्त असतं. ते पडलं तर पोचा येतो, बाकी काही नाही.

यातलं एक अक्षरही ब्लॉगवर जाता कामा नये. कल्पना करा, गेलं तर काय होईल. लोक वाचतील. वाचून दुकानात येतील, वर प्रश्न घेऊन येतील, आणि नेमके तुमचा जरा डोळा लागायच्या वेळी येतील. (दुपारी एक ते चारचा विनोद इथे अपेक्षित होता. तो इतका वापरून झालाय की त्याचीच कल्हई उडाली आहे.)

त्याच कारणासाठी मागच्या भट्टीचं चित्रीकरण कटाक्षाने टाळा. भाता चालतोय, भांडं तापतंय, चिमूटभर नवसागर पडला की पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकते, आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरला की काळंपिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. शेजारच्या शाळेतली पोरं दप्तर पाठीला लावून, तोंड उघडं टाकून बघत उभी राहतात. जे बघायला पोरं फुकट उभी राहतात त्यात धंद्याचं काय असणार? व्हिडिओ हवाच असेल तर दुकानाच्या शटरचा घ्या, खाली सनई.

लेख बाहेरच्या एजन्सीकडून लिहून घ्यावेत, शब्दाच्या दराने. माझ्या ओळखीच्या एका दुकानाने असे घेतले होते, त्यांचा पहिला लेख मी जपून ठेवला आहे. सुरुवातच 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी. दुसरं वाक्य: 'भांडी हा स्वयंपाकघराचा अविभाज्य घटक आहे.' वाचकाला हे माहीत नसण्याची शक्यता गृहीत धरलेली, ही काळजी मला भावली. मथळा होता, 'तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याचे 21 चमत्कारिक फायदे'. एकवीस अशासाठी की समोरच्या दुकानाचे वीसच होते. सतराव्या फायद्यात स्मरणशक्ती वाढते. अठरावा फायदा म्हणजे तिसराच, पण ते कळायला सतरावा आधी लागू पडायला हवा.

पिण्याच्या पाण्यात तांबं किती असावं याला जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 2 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे, वगैरे गोष्टी अशा लेखात शोभत नाहीत. एकवीस फायद्यांच्या वरातीत मर्यादा म्हणजे रुसलेला व्याही.

लेखाबरोबरचा फोटो मात्र पाहण्यासारखा होता. सोनेरी केसांची एक बाई, मागे संगमरवरी ओटा, हातात उघड्या तांब्याचा चकचकीत मग, मगात बर्फ, पुदिना आणि लिंबाची जाडसर चकती. म्हणजे आपल्याकडे कोणतीही आजी जे करू देणार नाही, नेमकं तेच. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमावलीतसुद्धा पीएच 6 पेक्षा कमी असलेला पदार्थ उघड्या तांब्याला लागू देऊ नये असं म्हटलं आहे. आजीला पीएच ठाऊक नव्हता, आंबट ठाऊक होतं. फोटो बदलू नका. छान आला आहे.

दर परिच्छेदात 'पुण्यातील सर्वोत्तम तांब्याची भांडी' हे शब्द यायलाच हवेत, वाक्यात बसोत न बसोत. 'पुण्यातील सर्वोत्तम तांब्याची भांडी असलेल्या पुण्यातील सर्वोत्तम तांब्याची भांडी या दुकानात' अशी वाक्यरचना मी स्वतः पाहिली आहे. शब्द असे कोंबणं गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतं. पण नियम असतात म्हणून आपण सिग्नलला थांबतो का?

भाषेचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी. 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांची तुमच्यासारखी दुकानंही त्यात आली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिने दिले. तुमची पाटी पहिल्यापासून मराठीच, तुम्हाला तो खर्च आला नाही. पण कायदा पाटीपुरता आहे. आत ब्लॉगवर कल्हईला खुशाल 'टिन कोटिंग सोल्यूशन' म्हणा, घंगाळाला 'व्हिंटेज कॉपर टब'. ताम्हणाला काय म्हणायचं यावर एजन्सी अजून विचार करते आहे.

पुण्यात एकट्याने चिकाटीने लिहायची परंपरा आहे, असं तुम्हाला कोणी सांगेल. सदाशिव पेठेत असं सांगणारे पुष्कळ. ते बहुधा विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं नाव घेतील. 1874 साली निबंधमाला सुरू केली, सात वर्षांत 84 अंक, जवळपास सगळा मजकूर एकहाती. वर छापखाना, चित्रशाळा, किताबखाना हे धंदेही उभे केले. लहान धंदा आणि लिखाण एकच माणूस करतो, तेही स्वतःला जे म्हणायचंय तेच लिहून! हे उदाहरण फार घातक आहे, त्याच्या नादी लागू नका. शिवाय त्यांना कोणी शब्दाच्या दराने पैसे देत नव्हतं.

खरं तर तुमच्या घराण्यातही लिखाण आहेच, पण ते मनावर घेऊ नका. या दुकानातून बाहेर पडलेल्या बहुतेक हंड्या-कळश्यांवर तुमच्या वडिलांचं अक्षर आहे. छिन्नीने ठिपका-ठिपका मारून ते नावं घालायचे. आता यंत्र आहे, पण ते अक्षर नाही. 'मामांकडून सप्रेम भेट', खाली सालाचा आकडा. काठावर जागा असेल तेवढाच मजकूर. मग 'चि. सौ. कां.'मधलं काय ठेवायचं, आडनाव सासरचं की माहेरचं, यावर गिऱ्हाइकाशी अर्धा तास हुज्जत. चूक झाली तर खोडायची सोय नाही. साठ वर्षं चिंच-राखेने घासूनही ती अक्षरं वाचता येतात, आणि आता नातवंडं तो हंडा मोडीत द्यायला घेऊन येतात तेव्हा तुम्ही तराजूवर ठेवायच्या आधी नाव वाचता, मी पाहिलंय. दोन वेळा तर, "अहो, हे राहू द्या घरात," म्हणून परत पाठवलंत. मोडीचा धंदा असा करतात? अशा घरातल्या माणसाच्या हाती ब्लॉग देणं धोक्याचं. तो फालतू शब्द गाळेल, आणि एजन्सीचं बिल शब्दांवर आहे.

वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी छापून घेतलेलं 'भांड्यांची निगा' हे एक पानी पत्रक माळ्यावर सापडेल. त्याची फाइलसुद्धा अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडे असेल, ही माणसं काही टाकून देत नाहीत. ती मागवा आणि जशीच्या तशी ब्लॉगवर चिकटवा. जुना फाँट युनिकोडमधला नसल्यामुळे पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं उमटतील. ते तसंच प्रसिद्ध करा. त्या पानात खरी माहिती आहे, आणि ती सुरक्षित ठेवायला यापेक्षा चांगली तिजोरी नाही.

ब्लॉगवर दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि समोर आज पी-1 आहे की पी-2, म्हणजे गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला लावायची, यातलं काही लिहू नये. गाडी उचलून नेली की गिऱ्हाइकाला दुकान जन्मभर लक्षात राहतं.

सातत्याची काळजी नको, ते आपोआप जमतं. पहिला लेख 'नमस्कार, आमच्या ब्लॉगवर आपले स्वागत'. दुसरा, 'धनत्रयोदशीच्या हार्दिक शुभेच्छा', हा धनत्रयोदशीनंतर चार दिवसांनी, म्हणजे भांडी घेणारे घेऊन मोकळे झालेले असतात. तिसरा पुढच्या लग्नसराईत, 'कामाच्या व्यापामुळे गेले काही महिने लिहिता आलं नाही, आता नियमित भेटत राहू'. चौथा नसतो. मला चौथा लेख असलेलं एकही दुकान भेटलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी पत्त्याच्या नूतनीकरणाची आठवण पुतण्याच्या त्या ईमेलवर जाईल, जो तो आता उघडत नाही. कार्डाचीही मुदत संपलेली असेल. थोड्याच दिवसांत तो पत्ता दुसरं कोणीतरी उचलेल. आणि मग एका सकाळी तुमचे जुने गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, काउंटरवर वाकून हलक्या आवाजात विचारतील, "काय हो, ऑनलाइन रमी सुरू केलीत म्हणे?"

तोवर त्या पत्त्यासकट बिलबुकं छापून झालेली असणार, चांगली पन्नास. तुम्ही ती टाकून देणार नाही, हे मला माहीत आहे. दर बिलावर बॉलपेनने तो पत्ता खोडत बसाल. आणि एकदा पेन हातात आलंच आहे म्हणून बिल पालथं करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहाल: 'कल्हई असेल तोवरच आंबट. रिकामं तापवू नये. तारेची घासणी लावू नये. आत पिवळं दिसू लागलं की आणावे.'

कोथरूडच्या त्या बाई बिल फ्रिजवर चिकटवतील, त्याचा फोटो काढून नाशिकच्या बहिणीला पाठवतील. बहीण तो तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकेल. पुढच्या शनिवारी तीन अनोळखी माणसं हातात फोन आणि पिशवीत पातेली घेऊन दुकानात उभी असतील, आणि तिघंही विचारतील, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

हा प्रकार ताबडतोब थांबवा. पुतण्या डिसेंबरात पुन्हा येतोय, आणि या वेळी पॉडकास्ट म्हणतोय.